मोहाची पारख शिकविणारा संत

सैतान प्रत्येक वेळी उग्र रूपातच येतो असे नाही, तो प्रकाशाच्या दूताचा वेष घेऊनही येतो, असा इशारा बायबलच्या नव्या करारात दिलेला आहे. हा वेष ओळखायचा कसा, याची पद्धतशीर उकल करणाऱ्यांमध्ये येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ही पारख त्यांना केवळ ग्रंथवाचनातून लाभली नव्हती. तिची मोठी किंमत त्यांनी मोजली होती.

स्पेनमधील बास्क प्रांतात, लोयोला येथील सरदार घराण्यात १४९१ मध्ये त्यांचा जन्म झाला. तरुणपणी दरबारी थाट आणि शौर्याची कीर्ती यांची त्यांना विलक्षण ओढ होती. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करताना तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर असताना त्यांनी शौर्यकथांची पुस्तके मागितली. मात्र घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच उपलब्ध होती. दरबारी स्वप्नरंजनाने तेवढ्यापुरते सुख मिळते व मागे रितेपण उरते, तर संतांच्या अनुकरणाचा विचार संपल्यावरही प्रसन्नता टिकते, हा फरक त्यांच्या ध्यानात आला. पुढील सर्व चिंतनाचे बीज या निरीक्षणात आहे.

मार्च १५२२ मध्ये माँटसेराटच्या मठात तलवार अर्पण करून ते मानरेसा गावी आले. खरी परीक्षा येथे झाली. असे कठोर जीवन आयुष्यभर कसे पेलणार, ही शंका प्रथम मनात शिरली. ती त्यांनी परतवून लावताच मोहाने धार्मिकतेचाच मुखवटा चढविला. आपली पापे पूर्णपणे सांगितली गेली नाहीत, या भयाने ते पुनःपुन्हा पापनिवेदन करू लागले. ही टोचणी इतकी वाढली, की जीव देण्याचा विचार मनात डोकावू लागला. त्यांनी आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले; अखेर धर्मगुरूंच्या आज्ञेवरून उपवास सोडला. ही टोचणी आपल्याला देवाकडे नेत नसून निराशेच्या गर्तेत लोटत आहे, हे उमगल्यावर जुनी पापे पुन्हा न उगाळण्याचा निश्चय त्यांनी केला. याच काळात अनेक डोळ्यांसारख्या ठिपक्यांनी चमकणारी सर्पाकृती त्यांना वारंवार दिसे व सुखावून जाई. क्रूसासमोर मात्र तिचे तेज फिके पडले आणि ती फसवणूक असल्याचे त्यांनी ओळखले.

पुढे बार्सिलोनात लॅटिनचा अभ्यास करताना नेमके पाठांतराच्या वेळीच उच्च आध्यात्मिक विचार सुचू लागले. प्रार्थनेत न सुचणारे हे विचार अभ्यास मोडण्यासाठीच येतात, हे त्यांनी ताडले व शिक्षकांना तसे मोकळेपणाने सांगून टाकले.

अशा अनुभवांतून 'आध्यात्मिक साधना' हा त्यांचा ग्रंथ आकारास आला. १५४८ मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली. मन खिन्न असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. सैतानाला गुप्तता प्रिय असल्याने मोह जाणत्या मार्गदर्शकापाशी उघड करावा. तो तटबंदीची कमकुवत बाजू हेरतो, म्हणून स्वतःचे दुबळेपण ओळखावे. विचार कितीही पवित्र भासला तरी त्याचा आरंभ, मध्य व शेवट तपासावा, असे त्यातील नियमांचे सार आहे.

१५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मंजुरी दिली. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये इग्नेशियस यांचे निधन झाले. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद बहाल झाले. त्याच दिवशी हा मान मिळालेले त्यांचे सहकारी संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जुन्या गोव्यातील बाँ जेझुस बॅसिलिकेत आहेत. 'क्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही येशूसंघीयच. श्रद्धेच्या नावाने मनात उमटणारा प्रत्येक आवाज देवाचाच असेल असे नाही, हे भान या परंपरेला देणाऱ्या इग्नेशियस यांचा सण दरवर्षी ३१ जुलै रोजी साजरा होतो.