डिझेल नावाचा माणूस

भुसावळ जंक्शनच्या परिसरात वाढलेल्या कुणालाही डिझेल हा शब्द नवा नाही. मात्र हे एका माणसाचे आडनाव आहे आणि त्याच्या हयातीत त्याचे रेल्वे इंजिन पुरते फसले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला लंडन गाठावे लागले. मुलाला शिक्षणासाठी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकला कार्ल लिंडे यांच्यासारखे गुरू लाभले. वाफेचे इंजिन कोळशातील बहुतांश उष्णता वाया घालवते, ही खंत तेथेच त्यांच्या मनात रुजली. १८९३ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९७ मध्ये त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावून दाखवली. पण विकलेली सुरुवातीची इंजिने वारंवार बंद पडू लागली. त्या ताणाने डिझेल यांची प्रकृती ढासळली.

तरीही रेल्वेचे स्वप्न सुटले नाही. १९१२ मध्ये सुमारे १२०० अश्वशक्तीचे पहिले मोठे डिझेल रेल्वे इंजिन रुळांवर आले. सांगाडा वाफेच्या इंजिनांसाठी नावाजलेल्या बर्लिनच्या बोर्झिग कारखान्याचा, तर मोटर स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीची होती. रचना मात्र वाफेच्याच वळणाची ठेवली गेली. मोटरचा जोर दांड्यांवाटे थेट चाकांना दिला होता. वाफ उभ्या गाडीलाही खेचू शकते. डिझेल मोटर फिरू लागल्याशिवाय जोर देत नाही. म्हणून दाबलेल्या हवेने गाडी हलवून मग इंधन पेटवावे लागे. चाचण्यांत मोडतोड होत राहिली आणि इंजिन नियमित सेवेत टिकले नाही.

कर्जाने घेरलेले डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहाजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. मृत्यूचे गूढ आजही उकललेले नाही.

उत्तर पुढे मिळाले. मोटरने वीज निर्माण करायची आणि विजेने चाके फिरवायची. वाफेची इंजिने बांधणाऱ्या अमेरिकेच्या अल्को कंपनीने याच पद्धतीची इंजिने भारताला दिली आणि तिच्याच तंत्रसाहाय्याने १९६४ पासून वाराणसीत ती तयार होऊ लागली. भुसावळचे शेड आज विजेच्या इंजिनांचे आहे. डिझेल यांचे नाव मात्र तेथील रेल्वेच्या भाषेत कायमचे राहिले.