ताराबाईंचे अंगण

ताराबाई मोडक हे नाव निघाले की आपण त्यांना बालशिक्षणाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. आम्हांला मात्र त्यांच्या कामात खेड्यातल्या कष्टकरी बाईची गोष्टही दिसते.

जन्म १८९२ चा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला आल्या व स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. तेथून भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या सोबतीला. मराठी बाईने गुजराती शिक्षणपत्रिकेचे संपादन केले, याचे आपणा गुजरातेतल्या मराठी मंडळींना विशेष कौतुक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार.

पण माँटेसोरीची महागडी साधने गरिबाच्या दारी कशी पोचणार? १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुले येईनात. आया सकाळीच मजुरीला जात. मुलांना न्हाऊमाखू घालून वेळेवर शाळेत पोचवणार कोण? तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ही झाली अंगणवाडी. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हाही अभ्यासच!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तेथे दुसरी अडचण. आई कामावर, म्हणून आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन घरी. तिला शाळेत आणायचे तर भावंडाचीही सोय हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. आईची मजुरी न बुडवता मुलगी शिकू लागली. ही युक्ती आम्हांला कुठल्याही साधनापेक्षा मोठी वाटते. गुराख्यांच्या पोरांसाठी तर शाळा कुरणातच भरे.

१९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पाठोपाठ गावोगावच्या बायकांना गावातच काम मिळाले. सून म्हणून ओळखली जाणारी बाई आता वजनकाटा आणि नोंदवही सांभाळणारी ताई झाली. मात्र तिच्या हाती पडते ते पगार नव्हे, मानधन. दिवसभर राबणाऱ्या बाईला मानसेवी म्हणणे आम्हांला पटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तो खटला आपल्या शेजारच्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडी बायकांनीच लढवला होता.