कैलासाचा राजा आणि एलियनवाली रील

वेरूळच्या कैलास लेण्याची ती रील तुम्हीही पाहिली असेल. ड्रोन शॉट, धडधडतं म्युझिक आणि स्क्रीनवर प्रश्न : हे माणसांनी बनवलं की एलियन्सनी? इजिप्तच्या पिरॅमिडांमागेही हाच ससेमिरा आहे. आपल्या शहरापासून जेमतेम ३० किलोमीटरवरच्या या कामाचं श्रेय ज्या राजाकडे जातं, त्याचं नाव मात्र रीलमध्ये क्वचितच येतं. तो राजा म्हणजे राष्ट्रकूट घराण्यातला कृष्ण पहिला.

कृष्ण सरळ वारसा हक्काने राजा झाला नाही. गादीवर होता त्याचा पुतण्या दंतिदुर्ग. बदामीच्या चालुक्यांना हरवून त्याने राज्य उभं केलं. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याच्यानंतर इ.स. ७५६ च्या सुमारास काका गादीवर आला. कृष्णाने चालुक्यांची उरलीसुरली सत्ता संपवली, दक्षिणेत गंगांवर स्वारी केली आणि कोकणावर पकड बसवली. म्हणजे बराच काळ तो लढाईतच होता, आणि त्याच काळात वेरूळचा डोंगर फोडला जात होता.

आता ते कसं केलं, ते बघू. पिरॅमिडसाठी सरासरी अडीच टनांचे दगड ओढून वर चढवावे लागले. कैलासात उलटं आहे. इथे काही चढवायचं नव्हतं, फक्त काढून टाकायचं होतं. कारागिरांनी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणले आणि मधे उरलेल्या अखंड खडकातून कळसापासून पायापर्यंत मंदिर कोरत आणलं. काढलेला दगड अंदाजे दोन लाख टन धरला जातो. कृष्णाच्या साधारण १८ वर्षांच्या कारकिर्दीवर तो वाटला, तर रोजचे ३० टन होतात. काम अफाट आहे, पण शेकडो हातांना अशक्य नाही. शिवाय सगळं काम एकट्या कृष्णाच्या काळातलं नाही, काही भाग नंतरचा आहे, असं म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांचं मत आहे. मंदिराचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी खूप जुळतो. ते मंदिर चालुक्यांचं. त्यामुळे राज्यासोबत तिथले कारागीरही इकडे आले असावेत, असं मानलं जातं.

कृष्ण ७७३ च्या सुमारास गेला. पुढे गोविंद आणि ध्रुव या त्याच्या मुलांमध्ये गादीसाठी भांडण झालं आणि ध्रुव जिंकला. त्यानंतर बडोद्याला सापडलेल्या, इ.स. ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात या मंदिराचं वर्णन येतं. ते पाहून देवही चकित झाले आणि बनवणारा शिल्पीसुद्धा आपल्याच कामाने थक्क झाला, अशा अर्थाचं. थोडक्यात, विश्वास न बसणं हे १२०० वर्षं जुनं आहे. पण त्या ताम्रपटाने थक्क होऊनही श्रेय माणसालाच दिलं.

गिझामध्ये पिरॅमिडच्या मजुरांची वस्ती सापडली, त्यांच्या कबरी सापडल्या. आपल्या कारागिरांची नावंही आपल्याकडे नाहीत. राहिल्यात त्या भिंतींवरच्या छिन्नीच्या खुणा. एलियन म्हटलं की त्यांची एवढी ओळखही पुसली जाते. पुढच्या वेळी वेरूळला गेलात तर कॅमेरा काढण्याआधी त्या खुणा बघा. आणि तिथलंच अर्धवट राहिलेलं ‘छोटा कैलास’, म्हणजे ३० नंबरचं लेणंही बघून या. काम अर्धं सोडून जाणारी माणसंच असतात ना!