प्लेगच्या उंदराची मिरवणूक

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले की हवा खेळेल आणि रोग हटेल, अशी त्या काळची धारणा होती. रस्ते झाले, पण ज्यांची घरे पडली ते गोरगरीब शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागले. अशा पाडापाडीला ठाम विरोध करणारे नगररचनाकार म्हणजे पॅट्रिक गेडीस.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. जीवशास्त्राचे शिक्षण त्यांनी हक्स्ले यांच्याकडे घेतले. तरुणपणी मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शक दुरावला. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत मुद्दाम राहायला गेले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी ती वस्ती सुधारली.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. १९१७ साल तर फारच क्रूर ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा रणांगणावर पडला, जूनमध्ये पत्नी कलकत्त्यास तापाने गेली. तरीही गेडीस यांनी काम सोडले नाही.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्या वेळी प्लेगची दहशत होती. हा साहेब घरे पाडायला आला आहे, अशा संशयाने लोक त्यांच्याकडे पाहत. गेडीस यांनी दरबाराकडून एका दिवसाचे राजेपण मागून घेतले आणि जाहीर केले की, दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता सर्वांत स्वच्छ गल्ल्यांतून जाईल. मग काय, घरोघर झाडलोट सुरू झाली! मिरवणुकीत प्लेगचा अजस्र उंदीर होता, लक्ष्मी होती आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सफाई कामगारही सन्मानाने चालत होते. १९१८ च्या इंदूर अहवालातही त्यांचे सूत्र हेच होते: मोडकळीला आलेली मोजकी घरे काढा, लहान चौक मोकळे करा, झाडे लावा, विहिरी-तलाव जपा; अख्खा मोहल्ला उठवू नका.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्यानंतर ती धुरा डॉ. गो. स. घुर्ये यांनी सांभाळली. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे गेडीस निवर्तले.

२०२० च्या साथीत दाट वस्त्यांकडे पुन्हा बोट दाखवले गेले. गेडीस यांचे चरित्र आपल्याला विचारते: रोग हटवायचा की रोगी?