विश्लेषण : राणी एलिझाबेथच्या पांढऱ्या चेहऱ्यामागे काय होते?

इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली म्हटले की पांढराफटक चेहरा आणि लालसर केस डोळ्यांपुढे येतात. ४४ वर्षे राज्य करणाऱ्या या राणीचा मेकअप हौसेपुरता नव्हता.

सुरुवात कुठून?

ऑक्टोबर १५६२. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात २९ वर्षांच्या राणीला देवी आल्या. ती वाचेल याची दरबाराला खात्री नव्हती आणि वारसही ठरलेला नव्हता. ती वाचली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी सिडनी यांनाही लागण झाली आणि त्यांचा चेहरा व्रणांनी विद्रूप झाला. त्या हळूहळू दरबारापासून दूर झाल्या. राणीला मात्र लपून बसण्याची सोय नव्हती. अविवाहित स्त्रीच्या सत्तेत तिचे तारुण्य हाही राजकारणाचाच भाग होता.

'सेरुज' म्हणजे काय?

त्या काळच्या उच्चभ्रू स्त्रिया चेहऱ्याला सेरुज लावत. शिशाच्या पत्र्यांना व्हिनेगरची वाफ देऊन त्यावर येणारा पांढरा थर खरवडायचा, की झाले तयार. रसायनशास्त्रात हे बेसिक लेड कार्बोनेट. अपारदर्शक असल्याने डाग झाकण्यात ते पटाईत. चित्रकारही पांढऱ्या रंगासाठी हेच वापरत, म्हणजे राणीच्या चित्रातला चेहराही शिशाचाच! खरी गोम पुढे आहे. शिशाने त्वचा खराब होते, ते झाकायला आणखी जाड थर लागतो. धड त्वचेतून ते फारसे शरीरात जात नाही. पण जखमांतून, तोंडावाटे आणि धुळीतून जाते.

प्रतिमेचा ध्यास किती?

१५९६ मध्ये राणीची अशोभनीय चित्रे शोधून नष्ट करण्याचा आदेश प्रिव्ही कौन्सिलने काढला. साठी उलटलेल्या राणीचा चित्रातला चेहरा तरुणीचा असे. सप्टेंबर १५९९ मध्ये तिच्या मर्जीतला अर्ल ऑफ एसेक्स नॉनसच राजवाड्यात थेट तिच्या शयनगृहात घुसला. ती टोप आणि प्रसाधनाविना होती. दीड वर्षाने, १६०१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, तो बंडासाठी. पण त्या सकाळनंतर तो पुन्हा कधी तिच्या मर्जीत आला नाही.

मृत्यू शिशामुळेच?

समाजमाध्यमांवर तसे बेधडक सांगितले जाते. २४ मार्च १६०३ रोजी, ६९ व्या वर्षी ती गेली. शिसे हे एक अनुमान आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. देवीचे व्रण किती खोल होते आणि ती सेरुज किती वापरत असे, यावरही इतिहासकारांत मतभेद आहेत.

आज काय स्थिती?

सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्यास भारतात मनाई आहे. पारंपरिक सुरम्यात मात्र गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, अजूनही आढळते आणि ते लहान मुलांच्या डोळ्यांतही घातले जाते.