डिकन्स यांचा नाताळ

नाताळ जवळ आला, की वाचनप्रेमी एकमेकांना हमखास सुचवतात ते पुस्तक म्हणजे ‘अ ख्रिसमस कॅरल’. चार्ल्स डिकन्स यांच्या या कथेत धर्मोपदेश थोडा आणि करुणा अधिक आहे. तिचे मूळ त्यांच्या बालपणात सापडते. १८२४ मध्ये वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबले चिकटवू लागला. हा अपमान त्याने आयुष्यभर लपवला.

१८४३ मध्ये चालू कादंबरीचा खप घसरला होता, घरी पाचवे अपत्य येऊ घातले होते. अशा ओढगस्तीत सुमारे सहा आठवड्यांत डिकन्स यांनी कंजूष स्क्रूजची कथा लिहून काढली आणि प्रकाशनाचा खर्चही स्वतःच सोसला. १९ डिसेंबरला आलेल्या सहा हजार प्रती नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत संपल्या. परंतु रंगीत चित्रे व सोनेरी कडांचा हट्ट, त्यात किंमत अवघी पाच शिलिंग. नफा अपेक्षेच्या चौथाईही उरला नाही. पुस्तकाची नक्कल छापणाऱ्यांविरुद्धचा खटला ते जिंकले, पण प्रतिवादी दिवाळखोर निघाले आणि खर्च त्यांच्याच अंगावर पडला.

पुढे १८५३ पासून ते हीच कथा श्रोत्यांपुढे वाचू लागले. मार्च १८७० मधील अखेरच्या जाहीर वाचनातही त्यांनी तीच निवडली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्यांचे निधन झाले.