विल्सनसाहेबांचा धडा
स्कॉटलंडातून १८२९ मध्ये मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन मराठी शिकले आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली; तिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारताच शहर खवळले, प्रकरण न्यायालयात गेले, बहुतेक विद्यार्थी शाळा सोडून गेले. १८४३ मध्ये स्कॉटिश चर्च दुभंगले, तेव्हा तत्त्वासाठी त्यांनी शाळेच्या इमारतीवरही पाणी सोडले. तरीही पुढे याच शहराच्या विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. १८७५ मध्ये येथेच निवर्तले. त्यांचा धर्मांतराचा आग्रह आम्हांस मान्य नाही. परंतु आपली श्रद्धा त्यांनी कधी लपविली नाही. आज सर्वधर्मीय विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या ख्रिस्ती महाविद्यालयांनी ती कोणावर लादू नये, तशीच संकोचाने झाकूनही ठेवू नये, असे आम्हांस वाटते.